कर्ज मुदतीआधी फेडायला गेलं की आकडा का फुगतो? गाडी-ट्रॅक्टरच्या कर्जाला ‘तो’ नियम लागू आहे का?

सोयाबीनचे, उसाचे नाहीतर कांद्याचे पैसे हातात आले की बऱ्याच घरांत पहिला विषय निघतो तो गाडीचं कर्ज एकदाचं निल करून टाकायचा. दर महिन्याची कटकट नको, खात्यात पैसे नसले की चेक बाउन्सचा भुर्दंड नको, वसुलीवाल्याचा फोन नको. माणूस घरीच हिशोब करतो, पैसे घेऊन तालुक्याच्या शाखेत जातो आणि तिथं हातात जो कागद मिळतो त्यावरचा आकडा बघून गप्प होतो. घरी काढलेला हिशोब आणि कागदावरचा आकडा यांत लाख-दीड लाखाचा फरक असतो.

मग वाद सुरू होतो. ‘रिझर्व्ह बँकेनं तर मुदतीआधी कर्ज फेडायचा दंड बंद केलाय, आम्ही मोबाईलवर वाचलंय.’ समोरचा म्हणतो, ‘तुमच्या कर्जाला ते लागू नाही.’ दोघांपैकी खोटं कोण बोलतंय? बऱ्याच वेळा कुणीच नाही, आणि दुखणं नेमकं तिथंच आहे.

बातमी खरी, पण अर्धी वाचलेली

रिझर्व्ह बँकेनं २ जुलै २०२५ रोजी मुदतपूर्व परतफेडीच्या शुल्काबद्दल नवे निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ किंवा त्यानंतर मंजूर झालेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना ते लागू आहेत. ‘कर्ज लवकर फेडलं तर आता दंड नाही’ अशा मथळ्यांनी ती बातमी गावोगाव पोहोचली. मथळ्यात एक शब्द मात्र राहून गेला. तो शब्द म्हणजे ‘फ्लोटिंग’.

ही बंदी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या कर्जांसाठी आहे. व्याजदर वर-खाली होतो आणि तुमचं व्याजही त्याबरोबर हलतं, अशी कर्जं. शहरातली घराची कर्जं बहुतेक याच प्रकारची असतात. गाडीचं कर्ज मात्र, त्यातही फायनान्स कंपनीकडून घेतलेलं, बहुतेक वेळा फिक्स्ड म्हणजे ठरलेल्या दराचं असतं. पहिल्या हप्त्याला जो दर, तोच शेवटच्या हप्त्याला. अशा कर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घ्यायला आजही मनाई नाही. संस्थेनं आपलं धोरण ठरवायचं आणि करारात ते लिहायचं, एवढीच अट आहे.

म्हणजे संरक्षण आहे, पण गावात जी चाकं कर्जावर फिरतात त्यातली बहुतेक त्याच्या बाहेर राहिली. ट्रॅक्टर, पिकअप, दूधवाल्याची मोटारसायकल, जुनी घेतलेली जीप, सगळी फिक्स्डमध्ये. दर घसरतात तेव्हाही फिक्स्डवाल्याच्या हप्त्यात एक रुपयाचा फरक पडत नाही. २०२५ सालात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आला. बदलत्या दरवाल्यांना त्याचा फायदा मिळाला. फिक्स्डवाला जुन्याच दरात अडकला, आणि बाहेर पडायचं म्हटलं तर दारात शुल्क. दर वाढले असते तर फिक्स्डवाल्याचा फायदा झाला असता हे खरं, पण ट्रॅक्टर घेताना दर वर जातील की खाली याचा विचार करून कोण सही करतो?

सगळीच वाहन कर्जं फिक्स्ड नसतात, हेही ध्यानात ठेवा. अनेक सरकारी बँकांची कार कर्जं रेपो दराला जोडलेली आहेत. तुमचं कर्ज तसलं असेल आणि गाडी घरच्या वापराची असेल, तर ते १ जानेवारी २०२६ च्या आधीचं असलं तरी दंड लागत नाही, कारण व्यक्तींच्या बदलत्या दराच्या कर्जांना ही सवलत बँका आणि फायनान्स कंपन्या दोन्हीकडे २०१४ पासूनच आहे. नव्या निर्देशांनी धंद्याच्या कर्जांनाही आत घेतलं. व्यापारी बँका आणि सर्वात मोठ्या फायनान्स कंपन्यांना व्यक्तीच्या किंवा छोट्या उद्योगाच्या धंद्याच्या कर्जावर, ते बदलत्या दराचं असेल तर, शुल्क घेता येत नाही. ग्रामीण बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक, लघु वित्त बँक आणि मध्यम आकाराच्या फायनान्स कंपन्यांना ५० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी हेच लागू आहे. पैसे कुठून आणले, दुसऱ्या बँकेतून कर्ज काढून आणले की पीक विकून, हे विचारून शुल्क लावता येत नाही. किमान अमुक महिने कर्ज चालवलंच पाहिजे, अशी अटही अशा कर्जाला घालता येत नाही.

इथं तारखेचा एक घोळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के आणि ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ टक्के झाला. त्यानंतरच्या दसरा-दिवाळीत ज्यांनी गाडी किंवा ट्रॅक्टर दारात आणला, त्यांची कर्जं १ जानेवारी २०२६ च्या आधी मंजूर झालेली. धंद्याच्या कर्जाबद्दलचा नवा भाग त्यांना लागू नाही.

फुगलेल्या आकड्यात असतं काय

एक उदाहरण घेऊ. समजा कारसाठी ६ लाखांचं कर्ज, १२ टक्के दर, ५ वर्षं. हप्ता बसतो १३,३४७ रुपये. दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले, म्हणजे २४ हप्त्यांचे ३,२०,३२८ रुपये गेले. घरचा हिशोब सांगतो, सहा लाखातून तीन लाख वीस हजार वजा, राहिले दोन लाख ऐंशी हजार.

शाखेतला कागद सांगतो, मुद्दल बाकी ४,०१,८३५ रुपये.

यात लबाडी नाही. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा आणि मुद्दलाचा लहान असतो. पहिल्या हप्त्यातले ६,००० रुपये नुसते व्याजात जातात. दोन वर्षांत जे तीन लाख वीस हजार भरले, त्यातले सुमारे १ लाख २२ हजार व्याजाचे. मुद्दल कमी झालं फक्त १ लाख ९८ हजारांनी. कर्ज घेताना हप्त्यांचा तक्ता मिळतो, त्यात प्रत्येक हप्त्यानंतरची बाकी छापलेली असते. तो तक्ता घरात असेल तर शाखेत जायच्या आधीच हा आकडा कळतो. आपल्याकडे तो तक्ता आरसी बुकाच्या प्लास्टिकच्या पाकिटात घडी घालून जातो आणि पुन्हा निघत नाही, हा भाग वेगळा.

आता यावर चढतात बाकीच्या गोष्टी. समजा करारात मुदतपूर्व शुल्क बाकीच्या ५ टक्के लिहिलंय. ते झाले २०,०९२ रुपये. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, ३,६१७ रुपये. शेवटच्या हप्त्यानंतर २० दिवस झाले असतील तर त्या दिवसांचं व्याज, साधारण २,६४२ रुपये. एकूण ४,२८,१८६. दोन लाख ऐंशी हजार धरून गेलेल्या माणसाला हा आकडा बघून चक्कर येणारच.

पण थोडं थांबा. ५ टक्के शुल्क देऊनही कर्ज बंद करणं परवडतं का, हे इथंच तपासता येतं. उरलेले ३६ हप्ते भरत बसलं तर ४,८०,४९२ रुपये जातील. आज बंद केलं तर ४,२८,१८६. म्हणजे शुल्क जाऊनही सुमारे ५२ हजार वाचतात. अर्थात हातातला पैसा दुसऱ्या महागड्या कर्जात, म्हणजे सावकाराच्या किंवा सोनेतारणाच्या कर्जात, भरायचा नसेल तरच.

आता हाच हिशोब शेवटच्या वर्षाचा करून बघा. ४८ हप्ते झालेत, १२ राहिलेत. बाकी १,५०,२१८. त्यावर ५ टक्के शुल्क, जीएसटी आणि २० दिवसांचं व्याज मिळून भरायचे सुमारे १,६०,०६८. आणि बंद न करता बाराही हप्ते भरले तर १,६०,१६४. एवढी धावपळ करून वाचले शंभर रुपयेसुद्धा नाहीत. शेवटच्या वर्षात व्याज उरलेलंच नसतं, त्यामुळे शुल्क सगळी बचत खाऊन टाकतं. काही संस्था शेवटी-शेवटी शुल्काचा टक्का कमी करतात, तो करारात बघावा लागेल. गाडी विकायची असेल तर गोष्ट वेगळी, कारण तेव्हा एनओसीशिवाय व्यवहारच होत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांचा धक्का थोडा निराळा असतो. तिथं हप्ता बहुतेक सहामाही, पीक निघण्याच्या वेळेला. समजा ५ लाख बाकी आहे, दर १४ टक्के आणि मागचा हप्ता भरून पाच महिने झालेत. त्या पाच महिन्यांचं व्याजच सुमारे २९ हजार होतं. ते कागदावर शुल्काच्या शेजारी छापलेलं असतं आणि माणसाला वाटतं, सगळा दंडच लावलाय. तो दंड नाही, वापरलेल्या पैशाचं व्याज आहे आणि ते कुठंही द्यावंच लागलं असतं. भांडायचं असेल तर आधी कागदावरच्या ओळी वेगळ्या करा, नाहीतर खरी ओळ सुटून जाते.

भांडण्यासारखी ओळ कोणती

१ ऑक्टोबर २०२४ नंतर मंजूर झालेल्या प्रत्येक किरकोळ कर्जासोबत आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जासोबत एक कागद देणं बंधनकारक आहे. त्याला मुख्य तथ्य विवरण म्हणतात. बँकवाले त्याला ‘केएफएस’ म्हणतात. दर फिक्स्ड आहे की फ्लोटिंग, सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, दंड किती, मुदतपूर्व बंद करायचं शुल्क किती, हे सगळं त्यात लिहिलेलं असायला पाहिजे. हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा आहे. तुम्ही मराठीत मागितला तर तो मागणं हा हट्ट नव्हे, नियमाला धरूनच आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या कागदात जे शुल्क लिहिलेलं नाही ते कर्जाच्या मुदतीत कधीही, तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय, घेता येत नाही.

तेव्हा बंद करायच्या कागदावर ‘डॉक्युमेंट चार्ज’, ‘एनओसी चार्ज’, ‘मँडेट कॅन्सल चार्ज’, ‘इतर’ अशा ओळी दिसल्या की केएफएस काढायचं आणि प्रत्येक ओळ त्यात आहे का बघायचं. नसेल तर ‘हे कुठल्या कलमाखाली लावलं ते लेखी द्या’ एवढंच म्हणायचं. आवाज चढवायची गरज पडत नाही. बऱ्याचदा ‘इतर’ नावाची ओळ लेखी मागितली की आपोआप विरघळते, असा आमचा अंदाज आहे.

१ जानेवारी २०२६ नंतरच्या कर्जांना आणखी एक आधार आहे. मंजुरीपत्रात, करारात आणि केएफएसमध्ये मुदतपूर्व शुल्क लिहिलेलं नसेल तर ते लावता येत नाही, आणि एकदा माफ केलेलं शुल्क बंद करायच्या दिवशी मागं जाऊन परत लावता येत नाही. संस्थेनंच ‘कर्ज आत्ता फेडा’ म्हणून तगादा लावून ते बंद करायला लावलं असेल तरीही शुल्क नाही.

मागे हप्ते चुकले असतील तर त्याच्या दंडाची ओळही नीट बघा. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर, आणि जून २०२४ अखेरपर्यंत जुन्या कर्जांवरही, ‘दंडव्याज’ ही पद्धत बंद झाली. आता दंड लावता येतो तो ठरलेल्या शुल्काच्या रूपात, आणि त्या दंडावर पुढे व्याज चढवता येत नाही. अशा दंडावर जीएसटीही लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. मुदतपूर्व फेडीच्या शुल्कावर मात्र जीएसटी लागतो. दोन्ही ओळींवर सरसकट १८ टक्के लावलेले असतील तर एक ओळ चुकलेली आहे.

कर्जातच कापून घेतलेला विमा हा आणखी एक विसरलेला पैसा. कर्ज देताना कर्जदाराच्या जिवाचा विमा काढतात आणि त्याचा हप्ता कर्जाच्या रकमेतच घालतात. कर्ज लवकर बंद झालं तर पॉलिसीच्या अटीप्रमाणे काही रक्कम परत मिळू शकते किंवा विमा पुढं चालू राहू शकतो. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पॉलिसीची प्रत मागून घ्या.

सही करायच्या दिवशी

शाखेतलं भांडण हे मुळात शोरूममध्ये हरलेलं असतं. तिथं पोरगं सांगतं, ‘काका, फक्त ७ टक्के पडतंय.’ हे ७ टक्के बहुतेक फ्लॅट असतात. फ्लॅट म्हणजे मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर धरायचं. ६ लाखांवर ७ टक्के फ्लॅटनं ५ वर्षांचं व्याज २ लाख १० हजार, हप्ता १३,५००. हाच हप्ता घटत्या बाकीवर मोजला तर दर पडतो साडेबारा टक्के. केएफएसमधला वार्षिक दर बघितला की हे झाकलं जात नाही.

तो कागद दिल्यानंतर निर्णय घ्यायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, तेवढे दिवस त्यातल्या अटी संस्थेवर बंधनकारक असतात. ‘आजच सही करा, उद्या स्कीम संपतेय’ म्हटलं तरी कागद घरी आणता येतो. घरी आणून दोनच गोष्टी बघायच्या: दर फिक्स्ड की फ्लोटिंग, आणि लवकर बंद केलं तर किती टक्के, किती महिन्यांनंतर. फिक्स्ड कर्जात सहा महिने किंवा वर्षभर बंदच करता येणार नाही अशी अट असू शकते. शेतीचा पैसा एकदम येतो, त्यामुळे मधेच मोठी रक्कम भरायची सोय आहे का, हेही शेतकऱ्यानं विचारलंच पाहिजे. पगारदाराला त्याची तेवढी गरज नसते.

कंपन्यांची बाजूही ऐकू. ठरलेल्या दरानं कर्ज द्यायला त्या स्वतः ठरलेल्या मुदतीसाठी पैसा उचलतात, एजंटाला कमिशन देतात. ग्राहक दोन वर्षांत निघून गेला तर तो खर्च निघत नाही. हे मान्य केलं तरी शेवटच्या वर्षात, सगळं व्याज वसूल झाल्यावर, तोच ५ टक्के कायम ठेवायला कुठलं कारण उरत नाही. फिक्स्ड दराच्या छोट्या कर्जांना निदान शुल्काची कमाल मर्यादा घालायला हवी होती. रिझर्व्ह बँकेनं हा भाग कंपन्यांच्या धोरणावर सोडला, आणि आमच्या मते तिथंच ग्रामीण ग्राहक उघडा पडला.

पैसे भरण्याच्या दिवशी आणि नंतर

आधी बंद करायच्या रकमेचं लेखी पत्रक घ्या. त्यावर ते कुठल्या तारखेपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. पुढच्या हप्त्याची तारीख जवळ असेल तर तो हप्ता खात्यातून आपोआप कापला जाणार का, हे विचारून घ्या, नाहीतर एकाच पैशासाठी दोनदा खिसा रिकामा होतो. रक्कम कर्जखात्यातच भरा. वसुलीवाल्याच्या हातात रोख किंवा त्याच्या फोन पेवर, नाही म्हणजे नाही.

‘थोडे कमी देतो, मिटवून टाका’ असा तोडगा निघत असेल तर विचार करून घ्या. पूर्ण फेडलेलं कर्ज सिबिलवर ‘क्लोज्ड’ दिसतं, तडजोडीनं मिटवलेलं ‘सेटल्ड’. उद्या पीक कर्ज किंवा घराचं कर्ज मागायला गेल्यावर त्या एका शब्दानं अडतं.

काही ठिकाणी सगळे पैसे भरल्यावर कळतं की एनओसी मिळणार नाही, कारण तुम्ही चुलतभावाला किंवा मित्राला जामीन आहात आणि त्याचे हप्ते थकलेत. गावात एकमेकांना जामीन राहणं चालतंच. अशा वेळी करारातल्या कुठल्या कलमावरून एनओसी अडवली ते लेखी मागा, आणि शक्य असेल तर ही चौकशी पैसे भरायच्या आधीच करा.

घरच्या वापराच्या गाडीचं कर्ज हे वैयक्तिक कर्जात मोडतं. अशी कर्जं पूर्ण फिटली की संस्थेकडे असलेली मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. चूक संस्थेची असेल तर उशिराच्या दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ट्रॅक्टर आणि धंद्याच्या गाडीला हा नियम लागू होत नाही.

तक्रार आधी संस्थेकडेच, लेखी किंवा ईमेलनं. तक्रार अधिकाऱ्याचा नंबर केएफएसवर असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या साइटवर तक्रार टाकता येते, फी लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथंही फी नाही. कर्ज पतसंस्थेचं असेल तर मात्र वरचे रिझर्व्ह बँकेचे नियम आणि लोकपाल दोन्ही कामाचे नाहीत. पतसंस्था सहकार कायद्याखाली येते, तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करावी लागते. बऱ्याच जणांचे महिने चुकीच्या दारात जातात ते यामुळेच.

एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आला की काम संपलं असं समजून तो कपाटात ठेवू नका. परिवहनच्या साइटवर अर्ज भरून आरटीओकडून आरसीवरचा बोजा उतरवावा लागतो, तो आपोआप उतरत नाही. पंधरा-वीस दिवसांनी एम-परिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून फायनान्स कंपनीचं नाव गेलंय का ते बघा, आणि सिबिलवर कर्ज ‘क्लोज्ड’ दाखवतंय का तेही. या नोंदी आता किमान दर पंधरवड्याला पाठवाव्या लागतात. दुरुस्तीची तक्रार करूनही ३० दिवसांत नोंद सुधारली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.